सदतीस पट्ट्या

व्हॅनच्या पाठीमागे मी त्याला झोपवून नेते,
नळ्या वेगळ्या, पट्ट्या वेगळ्या, वर जुनी घोंगडी.
तरी बोगद्यात शिरलं की
एखादी पट्टी आपली आपणच किणकिणते
तापातल्या माणसाने झोपेत बोलावं तशी.
भांडं पडल्यावर आपण पटकन हात ठेवतो ना,
तसा मी एक हात मागे नेते
आणि तिला गप्प करते.

फेरीबोटीवरचा तिकिटवाला विचारतो, मागे काय?
व्हायब्राफोन.
म्हणजे झायलोफोन?
नाही हो. तो लाकडाचा, बोलतो आणि मोकळा होतो.
याला बोललेलं सोडवत नाही.
तो मान डोलावतो
आणि मोठ्या गाडीचं भाडं लावतो.

गेल्या हिवाळ्यात अकरा गावं झाली.
एका गावात फक्त वाचनालयाची बाई आली,
तीही दिवे मालवायला.
मी तिलाच अर्धा तास शिकवलं.

आज फ्योर्डच्या टोकाचं गाव, ॲल्युमिनियमच्या कारखान्याचं.
बंबाची गाडी बाहेर गारठ्यात काढून
तिच्या जागी आम्ही: पाच माणसं, एक वाद्य, डिझेलचा वास.
दंतवैद्य हाल्वदान वही घेऊन आलाय.
दोघी बहिणी, एकमेकींशी न बोलणाऱ्या.
लुवाम, वय बारा, आईबाप एरिट्रियाचे, बूट ओले.
आणि तुरग्रिम. तो शिकायला नाही आलेला,
जड सामान उचलायला कुणीतरी हवं म्हणून आला.

एका हातात दोन काठ्या, मी सांगते,
मोडकी कात्री धरल्यासारख्या.
पायाखाली पेडल. सोडलं की सगळं मिटतं.
वाजवणं दोन दिवसांत येतं.
एक स्वर चालू ठेवून शेजारचा तेवढा विझवणं,
त्याला मला नऊ वर्षं लागली.

आता मी एक वाक्य अर्धं सोडते.
ते पूर्ण करायचं नाही.
त्याच्याशेजारी आपलं अर्धं ठेवायचं.

हाल्वदान हे लिहून घेतो,
मग लिहिलेलं वाजवतो. बरोबर. अगदी बरोबर.
थोरली बहीण वाजवते, धाकटी खिडकीबाहेर बघते.
लुवाम दोनच पट्ट्या धरून बसते, त्याच त्या, त्याच त्या.
हे काय गं?
दार वाजवतेय, म्हणते. कुणी उघडत नाहीये.

तुम्ही? मी तुरग्रिमला विचारते.
तो डाव्या कानाकडे बोट दाखवतो: हा गेला, भट्टीजवळ.
पण सगळे चहाला वळले तेव्हा
सगळ्यात लांब पट्टीवर त्याने तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
हे आमचंच का?
माहीत नाही, मी म्हटलं. असेलही.
चौतीस वर्षं पाहिलंय मी हे. पातळ, लाल.
हूं की चूं नाही करायचं.
पोटात हे ठेवून होतं
आणि आम्हाला कळू दिलं नाही.

एक काठी घेतली त्याने, उलटी धरली, मी सुलटी केली.
पेडल दाबलं. एकदाच मारलं.
मग नळीला हात लावून उभा राहिला.

स्वर गॅरेजभर फिरला, शिडीला लागला, हेल्मेटांच्या रांगेतून गेला.
आमच्यापुरता संपला.
कपबशा पुन्हा वाजू लागल्या.
तुरग्रिमचा हात मात्र नळीवरच.
त्याचं अजून चालू होतं.

लुवामने ते पाहिलं.
कप खाली ठेवून तिने आपल्या त्याच दोन पट्ट्या
अगदी हलक्या,
आम्हाला ऐकू न येणाऱ्या त्या शेपटावर
ठेवल्या.

मी काही बोलले नाही. शिकवण्यासारखं होतं काय त्यात?

आवरताना त्याने पट्ट्या लांबीप्रमाणे लावून दिल्या,
एक बाहीने पुसली.
पुन्हा कधी?
अनुदान आलं तर मार्चमध्ये.
आणि नाही आलं तर?
मी व्हॅनचं दार लावलं. ते एकदा नीट लागत नाही, दोनदा आपटावं लागतं.

बोगद्यात पट्टी किणकिणली.
बहुधा तीच, लांब.
दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.
राहू दिले.