सुई

व्हर्लीन थिबूच्या पेट्या मी उचलायचो.
एवढीच माझी ओळख, आणि ती मला पुरते.
दूधवाल्याच्या जाळीदार पेट्या,
एकेकीत साठ-सत्तर तबकड्या,
पाच मजले, लिफ्ट कायमची बंद.
ब्राँक्समध्ये त्या उन्हाळ्यात इमारती जळत होत्या;
विम्यासाठी, लोक म्हणायचे.
आमची उभी होती. मालकाला बहुधा विसर पडला असावा.

दिवसा ती कारखान्यात कोटांना अस्तरं लावायची,
नगामागे अकरा सेंट.
आईनं अँटिग्वाहून आणलेली एकच गोष्ट तिच्याकडे आली होती:
तोंड न उघडता, डोळ्यांनी 'नाही' म्हणणं.

एका रात्री तीच तबकडी तिनं दुसऱ्यांदा विकत आणली
म्हणून आई कडाडली.
एकच गाणं दोनदा? पैसा उतू चाललाय?
व्हर्लीन म्हणाली,
कोटाला एकच बाही लावून चालतं का?

मग तिनं दाखवलं.
गाणारा दम घ्यायला थांबतो,
मागे उरतात नुसते ड्रम आणि बास,
पातं लवतं न लवतं तोच संपणारे.
ते तिनं धरले.
इकडे संपायच्या आत तिकडे सुई नेमकी टेकवली,
तोवर पहिली बोटानं मागे.
खूण शिंप्याच्या खडूची, तिरपी.
टाक्याला टाका लागत गेला
आणि दहा सेकंदांचा तागा झाला,
उलगडेल तेवढा.
आई दारात, हातात ओला कप.
ओरडायची थांबली होती. टाच हलत होती तिची.

बागेत, दिव्याच्या खांबातून वीज चोरून
तिनं तीनशे लोकांना चार तास नाचवलं.
माईकवर माझा भाऊ डेलरॉय:
यमकं, बढाया, कुणाच्या तरी बुटांची टर.
पत्रकावर छापलं होतं 'व्ही. थिबू'.
बरेच जण त्या बुवाला शोधत होते.

मग कंपनीचा माणूस आला.
त्याला तोंडं हवी होती, बोलणारी.
रेकॉर्ड निघाली, गाजली.
डेलरॉयनं गाडी घेतली. गाडी विकली.
वेष्टनावर चार पोरं आणि मागे एक भिंत.
भिंतीमागे तू होतीस, मी म्हणायचो.
नाही रे, मी कामावर होते.

कारखाना बंद पडला.
मग लाँड्रीत पँटी आखूड करणं,
बावीस वर्षं.

गेल्या साली विद्यापीठातून दोघं आले,
पांढरे हातमोजे घालून.
आपण काही नवं घडवतोय, हे तेव्हा कळलं होतं?
तिनं चष्मा पुसला.
'सकाळी सातची पाळी आहे, एवढं कळत होतं.'
मग एक तबकडी उजेडात तिरपी धरली.
खडू कधीच उडाला होता,
पण तिचं बोट जिथं टेकलं
तिथंच असणार तो.

पेट्या मीच उतरवल्या.
त्यांनी ढकलगाडी आणली होती,
आणि लिफ्ट आता चालते.
मी जिन्यानं गेलो.