फोटोचा शर्ट

खोलीत खिळ्याला एक शर्ट असतो.
पांढरा, कॉलरचा, चाळीस नंबरचा.
कुणाचा, तर संस्थेचा,
म्हणजे कुणाचाच नाही.
आयटीआयच्या अर्जाला फोटो लागतो,
फोटोला कॉलर लागते,
म्हणून मी तो लक्ष्मी रोडवरून आणला, सेलमध्ये,
आणि पावती फाइलला लावली:
शैक्षणिक साहित्य, रुपये तीनशे वीस.

दांडेकर पुलावरून आत वळलात की
महापालिकेचा जुना दवाखाना.
भिंतीवर अजून आहे, लसीकरण दर बुधवारी.
आम्ही बसतो रोज, सहा ते साडेआठ.
गणित, इंग्रजी, वायरिंगची ओळख,
आणि कामावरून परस्पर येणाऱ्यांना
मूठ मूठ शेंगदाणे, गुळाचा खडा.
बँकेत एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजले.
इथे डोकी मोजते.
डोकी जास्त हलतात.

शर्ट सम्यकला आखूड झाला.
निलोफरच्या खांद्यावरून घसरायला लागला,
तिनं पाठीमागे वाळवणाचे चार चिमटे लावले
आणि समोरून कलेक्टरीण दिसली.
कुणाच्या तरी पेनाचा निळा ठिपका
कॉलरच्या डाव्या टोकाला बसला, तो निघाला नाही.
औंधला अर्ज घेणारा कारकून
एकावर एक फोटो बघत म्हणाला,
सगळी एकाच घरातली का हो?
मी हो म्हटलं.

तिरुपती धोत्रे.
फ्यूज उडाला की न सांगता उठायचा,
अंधारात तारेशी काहीतरी बोलायचा,
उजेड आला की पुन्हा जागेवर,
जणू उठलाच नव्हता.
दिवाळीनंतर आला नाही.
घरी गेले, तर आई भांडी घासता घासता म्हणाली,
बाई, माझ्या हातातला असता
तर तुमच्याकडं कशाला धाडला असता?

मग म्हात्रे पुलापाशी, सिग्नलला, तो भेटला.
वर. फ्लेक्सवर.
कुण्या दादाचा वाढदिवस, दादाच्या हातात मोबाईल,
मागे वाघ, वाघाच्या मागे सूर्य,
आणि खाली शुभेच्छुकांची रांग, एकोणीस मुंडकी.
चौथं तिरुपतीचं.
भांग मी पाडलेला.
कॉलर आमची.
निळा ठिपका आता स्कूटरच्या चाकाएवढा.

आठ प्रती काढल्या होत्या.
दोन अर्जाला, एक आमच्या फाइलला,
पाच त्याच्या हातात दिल्या होत्या,
म्हणजे त्यातली ही एक, म्हणजे चार उरल्या,
मी हिशेब करत राहिले
आणि मागचा रिक्षावाला ओरडला,
आजी, हिरवा झालाय!

मार्चअखेर अहवाल जातो.
देणगीदारांचा तक्ता छापील असतो:
लाभार्थी संख्या, पुढे एकच चौकोन.
बेचाळीस लिहिलं. त्रेचाळीस केलं.
पांढरी शाई लावून पुन्हा बेचाळीस.
शेवटी तो चौकोन इतका जाड झाला
की कागद वाकून उभा राहायला लागला.

उन्हाळ्यात एकदा सातच्या सुमाराला
दारात कुणीतरी चप्पल काढू की नको करत होतं.
दाढी आलेली. भुवईवर टाके, वाळलेले.
मॅडम, शर्ट आहे का?
आहे की.
फोटो काढायचाय.
कशासाठी, हे जिभेवर आलं होतं.
अर्ज, लायसन, चौकी, की अजून एक वाघ,
काहीही असू शकत होतं.
मी खिळ्याकडे बोट दाखवलं.

मनगटं चार बोटं बाहेर आली.
वरचं बटण लागेना, तसंच ठेवलं.
स्टुडिओकडे निघताना वळून म्हणाला,
आठ काढू का सोळा?
सोळा काढ, मी म्हटलं, पैसे मी देते.

साडेआठला कुलूप लावताना पाहिलं,
खिळ्याला त्याचा शर्ट होता,
काळा, काखेत उसवलेला, घामाने अजून ओला.
वही उघडली.
हजेरीच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
शेऱ्यात लिहिलं:
शर्ट बाहेर आहे.