जाड ऑइल

सलमाबादच्या शेडमध्ये रात्री साडेदहाला
अजून अडतीस डिग्री.
हमजा वांगडे आधी सिलिंडरला तळवा लावतो.
"तापवून आणलीस? गरम इंजिन गोड बोलतं.
निवू दे. चहा पी."

तासाभराने किक.
टक टक टक, वरून.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर,
मूठ कानामागच्या हाडाला.
डावा कान. उजवा
सित्र्याच्या जनरेटरपाशीच राहिला.

"टॅपेट आहे. वाजू दे.
घट्ट होऊन गप्प बसतो ना, तो व्हॉल्व्ह जळतो."

पण रेस देतो, तापू देतो,
टोक खाली सरकवत नेतो क्रँकपर्यंत
आणि त्याचं बडीशेप चघळणं थांबतं.
मलाही देतो ऐकायला:
भिंतीपलीकडे कुणीतरी
उखळात काहीतरी कुटतंय.

ड्रेनचा नट सुटतो.
ऑइल येतं काकवीसारखं, बिनघाईचं.
"जाड ओतलंय. खोकला दाबायला."
बोटांत चोळतो, ट्यूबलाइटखाली धरतो.
चकाकी.
दोनशे दहा दिनार मोजले होते मी.
विकणारा त्याच आठवड्यात गावी गेला,
जाताना मिठी मारून.

"रॉडचं बेअरिंग. पूर्ण खोलावं लागेल,
नव्वद तरी धर."
हमजा हात पुसतो
आणि दोन डबे पुढ्यात ठेवतो,
एक पातळ, एक जाड.
"चालवायचीय, की विकायचीय?"

खोलीवर नवा पोरगा आलाय, दापोलीचा.
कालच विचारत होता,
दादा, एखादी जुनी गाडी
असली तर सांगा.