पिकतं का तिथं?

परभणीत मे महिन्यात चव्वेचाळीस.
कॉलेजच्या मागच्या खोलीत उणे वीस.
मधे फक्त दरवाज्याची रबरी पट्टी,
तीही उंदरानं कुरतडलेली.

आत एकशे बारा नळ्या.
गोव्याहून थर्माकोलच्या खोक्यात आलेली
दक्षिण ध्रुवाकडची माती, चिमूट चिमूट,
आणि तिच्यातून बिडवे मॅडमनी तीन वर्षं
एकेक वेगळे केलेले जीव.

तीन वर्षं, कारण त्यांना घाई नसते.
आपल्या पोटातला जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन,
ह्यांना आठवडा पुरत नाही.
मी रोज ताटली उजेडात धरायची
आणि वहीत लिहायची, काही नाही.
काही नाही.
काही नाही.
सव्विसाव्या दिवशी एक ठिपका, मोहरीएवढा,
ओल्या हळदीच्या रंगाचा.
मग शेजारी गेरू. मग डाळिंबाचा दाणा.
मला वाटलेलं, बर्फातलं सगळं पांढरंच असणार.

मॅडम करडईवरून शिकवायच्या :
हिवाळ्यात खोबरेल गोठतं, बाटली उन्हात ठेवावी लागते,
करडईचं तेल मात्र वाहतं राहतं.
ह्यांची कातडी करडईची आहे, समजा.
कुणी बर्फाच्या कणाला धार चढू देत नाही,
कुणी बर्फाच्या शिरेत, केसाहून बारीक
खाऱ्या ओढ्यात संसार करतं,
कुणी दगडाच्या पोटात,
आणि कुणी सूर्य नसतो तेव्हा नुसतं थांबतं.
‘शिवाय ही फक्त ताटलीत यायला राजी झालेली,
शंभरातली एखादी.
बाकीच्यांची हजेरी कळते, तोंड दिसत नाही.’

अकरा तारखेच्या रात्री डीपी जळाला.
जनरेटरला डिझेल नव्हतं,
मागणीपत्र प्राचार्यांच्या टेबलावर, बिनसहीचं.
वीस अंश म्हणजे आम्हाला स्वेटर,
त्यांना ताप.
खोलीत तेव्हा अडतीस.

मुनीरचाचांनी मेहुण्याचा ऑटो काढला.
मी मागे, मांडीवर खोका, खोक्याला माझी ओढणी,
वसमत रोडनं बर्फाच्या कारखान्यावर.
तिथं गंगाखेडचा फड, उघडाबंब, खांद्यावर ओलं पोतं.
‘काय माल हे?’
‘माती.’
‘कुठली?’
चाचांनी बोट खाली केलं, थेट पृथ्वीच्या आरपार,
‘उधर की. एकदम नीचे की.’
फड जरा वेळ फरशीकडं बघत राहिला.
‘पिकतं का तिथं काही?’
मी म्हटलं, रंग पिकतात.
त्यानं दोन लाद्या सरकवल्या, भुशात जागा केली,
‘ठिवा मग. ह्याचं भाडं नको.’

तरी एकाहत्तर गेल्या.
मॅडमनी पट्टी घेऊन लाल रेघा मारल्या,
एकही रेघ वाकडी नाही.

जूनमध्ये, उरलेल्यांतल्या एका ताटलीत, चार अंशांवर,
हळदीच्या ठिपक्याशेजारी कुणीतरी उगवलं.
राखाडी, कडेला झालर.
चारच दिवसांत. यादीत नाही.
‘ही ध्रुवाची नाही,’ मॅडम म्हणाल्या,
‘हिला घाई आहे.’

कापसाची काडी घेऊन आम्ही पुन्हा कारखान्यात.
फडनं टाकीचं लाकडी झाकण उचललं,
खालच्या अंगाला तोच राखाडी बुळबुळीत थर.
‘ही घाण? दर पोळ्याला घासतो की.
जातच नाही.’
बाहेर डांबर पाघळत होतं.
ही मात्र झाकणाखाली, कुणाला न सांगता,
आमच्याच गावात थंडीची रहिवासी.
‘जगात जर्मनी, भारतात परभणी,’ चाचा म्हणाले,
‘और बर्फ में भी.’

रजिस्टरात एकशे तेरावी ओळ.
मूळ ठिकाणाच्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत अक्षांश, रेखांश, दक्षिण, दक्षिण.
मी लिहिलं, वसमत रोड.
नावाचा रकाना मॅडमनी कोरा ठेवायला सांगितला.
फडनं विचारलं, हिला खायला काय घालता.