मोजणी

माझ्या अंगठ्याखाली मावेल एवढं एक यंत्र.
दारातून माणूस आत आला की – टिक.
ज्यांचं हे वाचनालय, त्यांच्या देशात मी गेलेले नाही.
तिथे म्हणे समुद्र आहे.
भिंतीवर लावलाय तेवढाच मला ठाऊक.

बाहेर उलानबातर, उणे एकतीस,
कोळशाचा धूर इतका दाट की चौकातला पुतळा
घोड्यासकट बेपत्ता.
साम्बूआजोबा नऊच्या ठोक्याला येतात. टिक.
गुळगुळीत मासिक उघडतात, बहुधा उलटं,
आणि रेडिएटरला पाठ टेकून
मित्रराष्ट्राच्या कृषिप्रगतीवर दुपारपर्यंत घोरतात.

तिमाही अहवाल मीच टाइप करते:
ज्येष्ठ नागरिकांमध्ये सद्भावना वाढते आहे.

शुक्रवारी सिनेमा. शनिवारी व्याख्यान आणि बिस्किटं.
शनिवारी अंगठा दुखतो.
"आम्ही आवडतो ना लोकांना?"
नवे सांस्कृतिक सचिव विचारतात.
बिस्किटं आवडतात, मी म्हणते.
ते हसतात, आणि वहीत
बिस्किटांहून बरंच लांब काहीतरी लिहितात.

नारमंदाख मात्र बिस्किटांसाठी येत नसे.
शाळा सुटली की यायची, सात वर्षं,
बुटांचा बर्फ दाराशी झटकून.
त्यांची भाषा शिकली त्यांच्याच वर्गात, फुकट,
त्यांच्याच देणगीतल्या शब्दकोशातून,
आणि तिसऱ्या फळीवरचं ते बारीक पुस्तक
अकरा वेळा घरी नेलं.
खोक्यात चुकून आलेलं असणार.
त्यांच्याच एका तुरुंगात लिहिलेल्या कविता.
मी शिक्के मारत गेले. अहवालात त्याला रकाना नव्हता.

परवाच्या शनिवारी व्याख्यान: आमचे मुक्त साहित्य.
शेवटी कुणाला काही विचारायचंय का?
ती उठली. त्यांच्या भाषेत,
त्यांच्या आजीबाई बोलत असतील अशा हेलात:
"तो सुटला का?"

एवढंच.
बिस्किटांच्या ताटातला हात ताटातच राहिला.
साम्बूआजोबासुद्धा जागे झाले.

मी टाइप केलं: उपस्थिती त्रेसष्ट.
श्रोत्यांचं भाषेवर उत्तम प्रभुत्व.

संध्याकाळी दिवे मालवताना सचिव आले.
ते पुस्तक काढून टाका, म्हणाले.
टोपी चढवली, हातमोजे घातले,
दारापाशी रेंगाळले.
"म्हणजे... माझ्याकडे द्या. मी टाकतो."

कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी,
पुस्तक बसलं नीट.
धुरात त्यांची पाठ दिसेनाशी झाली,
आणि बाहेर जाणाऱ्या माणसासाठी
पहिल्यांदाच माझा अंगठा हलला.

टिक.