खुंटी

निवडणूक लागली की कागद येतो:
हत्यार ठाण्यात जमा करावे.
मी ती ह्यांच्या जुन्या लुंगीत गुंडाळते
आणि साडेनवाच्या एसटीत
गुडघ्यांमध्ये उभी धरून बसते.
कंडक्टर विचारतो, "हिचा अर्धा तिकीट काढतास?"
दर खेपेला विचारतो.
दर खेपेला मी खिडकीबाहेर खाडी बघते.

परवान्यावर लिहिलंय, शेतीसंरक्षणासाठी.
म्हणजे डुक्कर, वानर, फार तर गवा.
माणूस लिहिलेला नाही.
पण ह्यांचं बारावं झालं, आणि पानं उचलता उचलता
दीर म्हणाला, "ठेव गे नावावर करून.
गडग्यापलीकडची जमीन कोणी घेतली म्हाईत नाय,
आणि तू एकटी."
"तू एकटी" हे तो असं म्हणाला
जसं सातबाऱ्यावर इतर हक्कांत
काहीतरी चढवून टाकावं.

तर वारस म्हणून मला मिळालं
घर, चौतीस कलमं, विहिरीत निम्मा हिस्सा,
आणि ही एकनळी.

त्याआधी रात्री झावळ पडली तर झावळच पडायची.
कौलांवरून कांडेचोर गेला तर कांडेचोर.
ती उशाशी आली
आणि प्रत्येक आवाजाला मला एक छाती दिसू लागली.

गोठणकर मास्तर म्हणतात, बंदूक देवासारखी,
भिंतीवर असावी, हातात घेऊ नये.
मास्तरांच्या भिंतीवर दोन आहेत.
पलीकडच्या वाडीतली जुलेखा म्हणते,
माझ्याकडे कुत्रा आहे आणि जीभ आहे,
दोन्ही बिनपरवान्याची.

आता सांगते ते कुणाला सांगितलेलं नाही.
मार्गशीर्षातली रात्र, एक वाजून गेलेला.
मागच्या पडवीचं दार कुणीतरी ढकलत होतं,
हळू, थांबून थांबून.
मी काडतूस घातलं. "कोण?" म्हटलं.
म्हटलं असं मला वाटतं.
फळीच्या फटीला नळी लावली.
बोट जिथे जायला नको तिथे गेलेलं होतं
आणि मी ते कुणा दुसऱ्याचं असावं तसं बघत होते.

"काकी, मी आसंय. संपत.
आयेक जनावर चावला."

दार उघडलं तर अनवाणी पोर,
सदरा उलटा घातलेला,
दुसरं बटण निळं, बाकीची पांढरी.
बटण आणि नळी, दोन्ही एका उंचीवर.

त्याची आई वाचली. रिक्षा मीच फोन करून मागवली.
संपत आता गोव्यात कामाला आहे,
चतुर्थीला येतो, माझ्या पाया पडतो.
मी त्याच्या सदऱ्याची बटणं मोजते.

पण हेही खोटं नाही
की पुढच्याच शिमग्यात एक जण पिऊन
तासभर माझ्या अंगणात उभा होता,
जमिनीचं नाव घेऊन माझी आईबहीण काढत होता,
आणि मी ती मांडीवर आडवी घेऊन
दिवा न विझवता, त्याला दिसेल अशी, बसून राहिले.
माझे हात कापले नाहीत.
तो गेल्यावर मी चहासुद्धा केला.

ठाण्यात हवालदार नंबर ताडून बघतो.
"कधी बार काढलास काय?"
"नाय."
"मग कित्याक ठेवतास?"
मी पावतीची घडी घालते.
"निकाल लागल्यावर हफ्त्याभरात येऊन घेऊन जावा," तो म्हणतो.
मागच्या खेपेला मी एकविसाव्या दिवशी गेले.

परतीच्या एसटीत गुडघे
एकमेकांना लागत राहतात.

खुंटीवर आज छत्री अडकवलीय.
पावती तांदळाच्या डब्यात.
दिवा मालवला, अंग टाकलं.
मागे धप्प आवाज झाला.

झावळ.
बराच वेळ पडून राहिले,
मग झावळच.