ठीक

ग्रामसेवक म्हने, श्रावनभाऊ, तुमीच जा.
पानी सोडनारा मानूस पाह्यजे म्हन्ते त्याईले,
खरा प्रश्न पाह्यजे.
मी म्हन्लं, प्रश्न त लय हायेत, यष्टीचे पैसे भेटन का?

आर्वीचं आयटीआय, वरचा हॉल,
फिटरच्या पोट्ट्याईचे टेबलं बाजूले सरकवून
तीस-बत्तीस लॅपटॉप मांडेल.
फळ्यावर खडूनं: हॅकेथॉन, दोन दिवस.
तर्री-पोहे खाऊन मी कोपऱ्यात बसलो,
मांडीवर माहं रजिस्टर.

आचल घोडमारे नावाची पोट्टी आली, पायात स्लीपर.
म्हने, काका, वॉल कसे खोलता ते सांगा, पयल्यापासून.
सांगतलं: आधी बुद्धविहाराकडचा, मंग बजार, मंग शाळेमागचा,
टेकडीचा सगळ्यात शेवटी, अन् तोबी अर्धाच,
नाई त खालच्याईची बोंब.
मागच्या वर्सी कंपनीनं वॉलाईले मोटरा बसवल्या,
चालवाचं कसं ते सांगाले कोनी आलंच नाई.
मी सांगो तसं थे मराठीतच टाइप करे,
अन् मशीन कोड लिवे, सरसर.
मले जे शिकाले एकोनीस वर्सं लागले
थे तिनं एका चहात लिवलं.

पडद्यावर चार गोल. चारी हिरवे.
टाळ्या.
मी फोन लावला टेकडीवर, सुभद्राबाईले:
आलं का पानी?
"थेंब नाई. गुंड तसाच ठेवेल हाय."

पोट्टे म्हने नेटवर्क असन, सेन्सर असन.
मशीनले इचारलं, त मशीननं माफी मांगतली,
चाळीस ओळी अजून लिवल्या.
गोल अजूनच हिरवे झाले.

नागपूरची मॅडम खिडकीपाशी उभी.
म्हने, तिले किती इचारता? आत पाहा ना.
मंग त्याईनं हरेक हुकमाले नंबर लावला,
जिथं जाईन तिथं निशानी ठेवून जाईन असा,
अन् पडद्यावर पट्ट्या उमटल्या, एकीखाली एक,
लांब, आखूड, तारीवर वाळू घालेल दुपट्ट्यावानी.
चवथी पट्टी बोटभर बी नोती.
आचल म्हने, "हे पाहा. वॉलनं जबाबच नाई देल्ला.
तीनदा दार ठोठावलं,
अन् मंग आपल्या कोडनं लिवलं: ठीक.
अन् गेला पुढं."

मले हासूच आलं, एवढ्या मोठ्यानं का सारे वळले.
उरकुडाबावा! म्हन्लं. हा त आपला उरकुडाबावा!

माह्या आधीचा पंपवाला.
त्याचे रजिस्टर अजून कपाटात हायेत,
अकरा वर्सं, निळी शाई, रोज एकच शब्द.
मोटर जळाली त्या दिवशी ठीक.
टाकीत वांदर पडलं त्या दिवशी ठीक.
सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती होता
थे आठ दिवस बी ठीक,
पयलेच लिवून गेल्ता.

पोट्टे पोट धरून हासले. मी बी.
मंग माहा हात रजिस्टरावर होता,
थो तिथंच रायला,
आयतवारचे पानं कोनी चाळू नये म्हनून.

आचलनं काई इचारलं नाई.
एक शब्द खोडला, दुसरा टाकला.
मशीन म्हने, हे वापरनाऱ्याले बरं नाई दिसनार.
नको दिसू दे, म्हने थे.
चवथा गोल राखडी झाला. खाली अक्षरं:
माहीत नाही.

बक्षीस ट्रॅक्टर भाड्यानं देनाऱ्या ॲपले गेलं.
आमाले एकेक पेन ड्राइव्ह. माह्या घरी त लावाले जागा नाई.
साडेसातच्या यष्टीनं पिंपळखुट्याच्या फाट्यावर उतरलो,
घरी नाई गेलो.
टेकडीच्या वॉलचं झाकन उघडलं, मोबाइलच्या उजेडात:
मोटरीचं वायर उंदरानं कुरतडेल,
आत त्याचं गवताचं घर.
सुभद्राबाई दारातूनच म्हने, "कोन हाय? एवढ्या राती?"
मी पंपवाला, म्हन्लं.
पाहाले आलो.